लाल पडलेलं बिबडं

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अंगावर डाग नसलेला सदरा मी लहानपणी कधी पाहिला नाही. आम्ही पहूरचे, पण अण्णांचं काम सावद्याच्या बाजूला, केळी कापायचं. घड कापला की दांड्यातून चीक गळतो. लागतो तेव्हा पाण्यासारखा असतो, वाळला की काळा पडतो. मग सोडा लावा, राख लावा, तो जात नाही. अण्णांचा सदरा फाटायला आला की त्यातल्या धड भागातून आई माझा शाळेचा शर्ट बेतायची. म्हणून माझ्या पांढऱ्या शर्टावरही तो डाग होता. “धुवून येत जा गं,” बाई म्हणायच्या. धुतलेलाच असायचा. आमच्या घरात धुतलेला कपडा आणि स्वच्छ कपडा या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला, कापूस वेचायला जायची. संध्याकाळी तिची बोटं बोंडांच्या टोकांनी सोललेली असायची आणि त्याच बोटांनी ती तिखट कालवायची. भाकरीबरोबर बहुतेक दिवस तेवढंच.

या घरातून मी बी.ए. झाले. आमच्या दोन्हीकडच्या नात्यांत पहिली. हे सांगताना मी कुठंच लाजत नाही. पण खरं ते सगळंच सांगायचं तर पदवी मिळाल्यावर दोन वर्षं मी घरीच होते. शेजारची काकू येता-जाता विचारायची, “काय वं सुजाता, बी.ए.च्या भाकरी वेगळ्या फुगता का?” मी हसून सोडून द्यायची. रात्री मात्र ते वाक्य डोक्यातून जात नसे.

जळगाव

जळगावला एक संस्था आहे. बचत गटातल्या बाया जे पापड, लोणची, बिबडे करतात, ते मोठ्या शहरांत विकून देते. त्यांना सगळ्या मालाचं चित्रांचं पुस्तक काढायचं होतं. फोटो काढणारं माणूस कायम नोकरीला घेणार होते, पण आधी काम बघून. माझ्याकडे मोठा कॅमेरा नव्हता. एक वापरलेला फोन होता आणि त्यावर मी दोन वर्षं काढलेले फोटो. संस्थेच्या मॅडमनी ते बघितले आणि म्हणाल्या, “बरं, करून दाखवा.”

पहिल्या खेपेला मी हरले. जळगावच्याच एका गटाकडे जाऊन पांढऱ्याशुभ्र पापडांचे फोटो काढले आणि ते राखेच्या रंगाचे आले. ज्यांनी फोनवर कधी हे केलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. फोनसमोर पांढरं फार आलं की त्याला वाटतं उजेडच फार आहे, आणि तो आपल्या मनाने अंधार करतो. तेव्हा पडद्यावर बोट ठेवायचं. तिथे चौकोन उमटतो, त्याच्या शेजारी छोटा सूर्य येतो. चौकोन म्हणजे फोनने कुठे नीट बघायचं ते. सूर्य वर सरकवला की उजेड वाढतो, खाली सरकवला की कमी होतो. मला हे माहीत होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सूर्य पार वर नेला, तर पापड दुधात बुडाल्यासारखे नुसते पांढरे गोल दिसायला लागले.

मॅडम चांगल्या आहेत, पण बोलताना भीड ठेवत नाहीत. “सुजाता, मशीनचा पापड आणि बाईने हाताने केलेला पापड, यात मला फरक दिसला पाहिजे. बोटं दिसली पाहिजेत. धुळ्याकडे एका गटाचे बिबडे व्हायचेत, या सालचे शेवटचे. तिथे जा. तेही नाही जमलं तर मी इथला स्टुडिओवाला बोलावते. पुस्तक थांबवता येत नाही मला.”

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापडच. ज्वारी भिजवायची, आंबवायची, वाटायची, तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या हाताने कापडावर थापायचा. वाळल्यावर तळून खायचे. थापतानाच बोटांचे ठसे उमटतात, पण ते दिसायला उजेड आडवा लागतो, म्हणजे उगवतीचा. ऊन वर चढलं की ठसे सपाट. म्हणजे माझ्या हातात एक सकाळ होती, आणि तीही सगळी नाही.

पारोळ्याच्या पुढे

मी धुळ्याच्या बसमध्ये बसले. एप्रिलचं ऊन होतं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, काळी रानं भेगाळलेली, मधेच एखाद्या विहिरीच्या कडेला हिरवा चौकोन. शेजारच्या सीटवर एक आबा बसले होते. धोतर, पांढरा सदरा, कडक पांढरी टोपी. मी टोपीकडे बघत राहिले, कारण मला सरावाला पांढरं काहीतरी हवंच होतं.

“कथी चालनी वं माय?” त्यांनी विचारलं.

आमच्या पहूर-जामनेरकडे ‘कुठी चालली’ म्हणतात. पारोळा मागे पडलं की ‘कुठी’चं ‘कथी’ होतं आणि मला परगावी आल्यासारखं वाटायला लागतं. मी सांगितलं, धुळ्याच्या पुढे, फोटो काढायला. आणि विचारलं, “आबा, तुमचा एक काढू?”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मी फोटो काढून दाखवला. टोपी झकास आली होती आणि खाली चेहऱ्याच्या जागी काळोख.

“हाऊ कोन शे? मना फोटू शे का मनी सावलीना?”

मागच्या सीटवरचे हसले. मी चेहऱ्यावर बोट ठेवलं, सूर्य वर नेला, पुन्हा काढला. आता आबांच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येत होत्या, पण टोपी खिडकीच्या उजेडात विरघळून गेली होती.

“तोंड उनं, टोपी गयी,” आबा म्हणाले. “दोन्ही संगे नही येतस का?”

“येतात आबा. पण अगदी मधे थांबता आलं पाहिजे.”

“मंग थांब ना!”

इतकं सोपं त्यांनी केलं. मी पुढे अर्धा तास प्रयत्न केला. बस हलत होती हे कारण मी स्वतःला दिलं, पण ते मलाच पटलं नाही. एका माणसाचं तोंड आणि टोपी मला एका फोटोत आणता येत नव्हती.

देवपूर

धुळ्याला उतरून पांझरेच्या पुलावरून देवपुरात आले. नदीत पाणी कमी, वाळूच जास्त. पुढच्या गावाला जाणारी जीप भरायची वाट बघत होती. तेवढ्या वेळात मी उन्हात उभी राहून पांढऱ्या भिंतीवर सराव करत राहिले आणि फोनने एकदम पडदा काळा केला. फोन तापलाय, थंड होईपर्यंत कॅमेरा चालणार नाही, अशी सूचना आली. उद्या सकाळी असं झालं तर?

समोर रसवंती होती. मी ओला रुमाल फोनला गुंडाळला आणि माठाला टेकवून ठेवला. रसवाला बघत होता.

“ताई, त्याले बी एक ग्लास देऊ का? आलं-लिंबू टाकीसन?”

“भाऊ, हसू नका. त्याच्यावर माझी नोकरी आहे.”

“कथाईन उनात?” कुठून आले ते तो विचारत होता.

“जळगावकडून.”

“मंग बरोबर. तुमनं उन पेपरमा छापी येस. आमनं नुसतंच लागस.”

जळगावचं ऊन मोठं की धुळ्याचं, यावर तो आणि जीपवाला भांडायला लागले. माझं लक्ष माठाकडे होतं. रस संपेपर्यंत फोन निवला. कॅमेरा उघडला. मी तो लगेच बंद केला आणि पिशवीत कपड्यांच्या मधे ठेवून दिला, जणू तान्हं बाळ.

पांझरेकाठचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. गटाच्या प्रमुख बाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणते. साठीच्या आहेत, नऊवारी नेसतात, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतो. त्यांच्या धाकट्या जाऊबाई सुशीलावहिनी बारीक, गप्प, पण नजर तीक्ष्ण.

मी उंबऱ्यात चप्पल काढत होते तेवढ्यात अक्का म्हणाल्या, “थांब पोरी. आधी सांग, अडचण नही ना तुले? सकाये बिबडे शेतस.”

महिन्याच्या अडचणीत असलेल्या बाईची सावली पडली तरी पापड-बिबडे लाल पडतात, असं मानतात. आमच्या घरी हे नाही. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी बाजूला बसत नाही. पण इथे मी पाहुणी होते. “नाही अक्का,” मी म्हणाले. ते खरंच होतं.

“कोनी शेस तू?”

हा प्रश्न गावोगाव विचारतात आणि त्याचा अर्थ मला लहानपणापासून कळतो. मी आडनाव सांगितलं आणि पुढचं त्यांना ओळखायला न ठेवता मीच म्हणाले, “आम्ही बौद्ध.”

सुशीलावहिनी भांडं पुसत होत्या, त्यांचा हात थांबला. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बस. च्या लेशी ना?”

चहा आला. मी कप बघितला. असं बघू नये, पण सवय आहे. सगळ्यांचा होता तसाच होता.

रात्री फुणके आणि कढी केली होती. तुरीची डाळ भरड वाटून, वाफवून केलेले मुटके, वर पातळ आंबट कढी. आमच्याकडेही करतात, पण आई मिरची जास्त घालते. मी तसं बोलले तर अक्का म्हणाल्या, “तुमनाकडे जेवण शे का भांडण?” मी हसले. ताटात मात्र निम्मं तसंच राहिलं. माझं चित्त दुसऱ्या दिवशीच्या उजेडात होतं.

पहाट

अंधार असतानाच चूल पेटली. मोठ्या पातेल्यात घाटा रटरटत होता. गल्लीतल्या बाया जमल्या. अक्कांनी माझ्या हातावर गरम घाट्याचा गोळा ठेवला, त्यात बोटाने खळगा करून तेल ओतलं. “खाय. उपाशी पोटे फोटू वाकडा येस.” आंबूस, तिखट, तिळाचा वास. तो मात्र मी सगळा खाल्ला.

धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, एक जुनं लाल लुगडं पसरलं होतं, त्यावर पिवळ्या बुट्ट्या. बाया ओळीत बसल्या आणि थापायला लागल्या. पाण्यात हात, घाट्याचा गोळा, चार बोटांनी गोल गोल सरकवत नेणं. मी फोन काढला. घाट्याच्या वाफेने काचेवर धुकं धरलं, ओढणीने पुसलं, पुन्हा धरलं. पुसलं, तर फोनला बिबड्यापेक्षा बुट्ट्या जास्त आवडायला लागल्या. बुट्टीचा धागा न् धागा स्पष्ट, बिबडं धूसर.

तेवढ्यात निंबाच्या मागून सूर्य आला. ऊन लुगड्यावर आडवं पडलं आणि प्रत्येक बिबड्यावर बोटांचे ठसे उभे राहिले. मी घाईघाईने पहिला फोटो काढला.

सुशीलावहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्या दचकून मागे सरल्या.

“अक्का! बिबडे लाल पडनात!”

सगळ्यांचे हात थांबले. बाया उठून माझ्याभोवती आल्या. पडद्यावर बिबडे खरंच विटेच्या रंगाचे दिसत होते.

“काल खरं सांगं ना तू?” वहिनी मला म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

संशय कुठल्या गोष्टीवरून होता, अडचणीवरून की आडनावावरून, हे मला कळेना. ओठांवर पुष्कळ काही आलं. मी शिकलेली आहे, आमच्याकडे असलं काही मानत नाहीत, फोन घेऊन ही निघाले. पण ऊन थांबणार नव्हतं. मी भांडत बसले असते तर ते निंबावर चढून गेलं असतं आणि मी रिकाम्या हाताने जळगावला.

“वहिनी, फोटो नका बघू. लुगड्यावर बघा. तिथे लाल आहेत का?”

कोणी लुगड्याकडे बघेना. बिबडे समोर पडलेले होते आणि सगळ्या फोनमध्येच बघत होत्या. मग मी कॅमेरा चालू करून फोन अक्कांच्या हातात दिला. “तुम्हीच बोट लावा. बिबड्यावर ठेवा.”

अक्कांनी बोट ठेवलं. काहीच झालं नाही. बोट घाट्याने ओलं होतं, फोनला ओलं बोट कळत नाही. बायांमध्ये कुजबुज झाली. “पदराला पुसा अक्का, आणि परत लावा.”

त्यांनी पुसलं, लावलं. चौकोन उमटला. शेजारी सूर्य आला.

“हा सूर्य वर सरकवा. हळू.”

अक्कांनी सरकवला. विटेचा रंग फिका झाला, मग बदामी, मग पांढरा. त्यांनी खाली सरकवला, पुन्हा लाल. वर, पांढरा. खाली, लाल. त्या तसंच करत राहिल्या.

“मंग हाई लाल कथाईन येस?”

“लुगड्याचा रंग आहे, आणि कोवळ्या उन्हाचा. पांढरं फार दिसलं की फोन घाबरतो. त्याला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो अंधार करतो. अंधारात लुगड्याची लाली बिबड्यावर चढते.”

“घाबरस?”

“घाबरतो.”

अक्कांनी सूर्य पुन्हा वर नेला. मग मान वर करून म्हणाल्या, “सुशीला, देख वं. फोनलेच अडचण शे!”

धाब्यावर एकच हसू फुटलं. कोणीतरी मागून ओरडलं, “मंग बसाडा त्याले बाजूले!” एक म्हातारी तर हसता हसता शेजारणीच्या खांद्याला टेकली. सुशीलावहिनीसुद्धा हसल्या. पण हसून झाल्यावर त्यांनी वाकून एक बिबडं नीट निरखलं, आणि मगच परत थापायला बसल्या. ते मी पाहिलं. राग आला, पण त्यांनी निदान लुगड्याकडे तरी बघितलं.

ऊन वर येत होतं. अक्कांनी सूर्य पार टोकाला नेऊन ठेवला होता आणि त्या पांढऱ्यात बोटं दिसेनाशी झाली होती. जळगावला मी केलेली चूक हीच. मी पालथी पडले, फोन जवळजवळ लुगड्याला टेकवला. सूर्य जरा जरा खाली आणत गेले. पांढरं पांढरंच राहिलं पाहिजे आणि ठशांच्या खाचेत सावली उरली पाहिजे, त्या मधल्या जागी थांबायचं होतं. सापडली असं वाटलं तेव्हा बिबड्याच्या कडेवर बोट दाबून धरलं. असं दाबून धरलं की फोन नजर आणि उजेड दोन्ही तिथेच बांधून ठेवतो, परत बुट्टीकडे पळत नाही. माझं कोपर घाट्यात गेलं. “पोरगी बिबडामा पडनी!” कोणीतरी म्हणालं. मी फोटो काढत राहिले. एकीकडून, दुसरीकडून, अक्कांचा हात थापत असताना. मग बघता बघता ठसे सपाट झाले. ऊन वर गेलं होतं.

उन्हात पडद्यावर काही कळत नव्हतं. मी खाली अंधाऱ्या खोलीत गेले आणि एकेक फोटो मोठा करून बघितला. पहिल्यात बुट्टी स्पष्ट, बिबडं धूसर. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात माझ्याच डोक्याची सावली. चौथा उघडायला मी इतका वेळ लावला की अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय व्हयनं?”

मी चौथा मोठा केला. पांढरं बिबडं, त्यावर चार बोटं फिरल्याची गोल वळणं, मधे अंगठ्याचा खळगा. बोटावरच्या बारीक रेषासुद्धा घाट्यात उतरल्या होत्या.

अक्का फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिल्या. “हाऊ मना हात शे,” त्या म्हणाल्या. “हाई वाकडं बोट. विळावर कापायेल.”

परत

धाब्याच्या एका कोपऱ्यातच फोनला रेंज होती. तिथून मी मॅडमना फोटो पाठवले. त्यांनी बघितल्याच्या खुणा निळ्या झाल्या, उत्तर आलं नाही. जीपमध्ये नाही, धुळ्याला नाही, बसमध्येही नाही. पिशवीत अक्कांनी दिलेले अर्धवट वाळलेले बिबडे होते, चामट, आंबूस. आमच्याकडे असे ओलसरच खाणं पोरांचं काम, वाळेपर्यंत निम्मे संपतात. मी एकही तोंडात घातलं नाही. एरंडोलपर्यंत फोन हातातच होता. स्टुडिओवाला येऊन गेला असेल, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आईला फोन केला. ती म्हणाली, “नाई झालं तं नाई झालं. तू घरी ये, जेव.” त्याने जास्तच रडू आलं.

मी घरी न जाता सरळ संस्थेत गेले. मॅडम संगणकासमोर बसल्या होत्या आणि पडद्यावर ते बिबडं होतं, ताटाएवढं मोठं. त्यांनी मान वळवली नाही.

“ही बोटं कोणाची?”

“अक्कांची. गटाच्या प्रमुख.”

“हे एक वाकडं कशाने झालं?”

“विळ्यावर कापलं होतं.”

त्यांनी फोटो आणखी मोठा केला. “फोनवरच काढलास?”

“हो.”

“उत्तर दिलं नाही म्हणून घाबरलीस?”

मी खोटं बोलले नाही. “हो,” म्हणाले.

“मी छापखान्यात होते. बस. पाणी पी आधी. मग बाकीच्या गावांचं ठरवू.”

पुढचे दोन महिने मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत फिरले आणि उरलेल्या सगळ्या गटांचे फोटो काढले. पुस्तक छापून आलं. आता मी त्या संस्थेत कायम नोकरीला आहे. नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा लिहिला आहे: छायाचित्रकार.